कार्डांचा बादशहा : जे. एडगर हूवर

मित्रांनो, हे वाचता वाचता जरा आपल्या दहा बोटांकडे बघा. किती चक्रं आणि किती शंख? आपल्याकडे आजी लोक म्हणतात की दहाच्या दहा चक्रं असली की माणूस राजा होतो. आपण इंजिनिअरिंगवाले अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही (निदान सबमिशनच्या आठवड्याव्यतिरिक्त तरी नाही!). पण याच शंख-चक्रांच्या जोरावर एक माणूस तब्बल ४८ वर्षं अमेरिकेत जवळजवळ राजासारखा वागला. तो कधी निवडणुकीला उभा राहिला नाही. आठ राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, पण हा खुर्चीवरून हलला नाही. त्या माणसाचं नाव जॉन एडगर हूवर, एफबीआयचा पहिला आणि सगळ्यात जास्त काळ राहिलेला डायरेक्टर.

हूवरवर सिनेमे खूप आले आहेत. त्यात बंदुका, गँगस्टर, फोन टॅपिंग वगैरे मसाला भरपूर असतो. मला मात्र त्याच्या आयुष्यातली एक कमी बोलली जाणारी बाजू जास्त इंटरेस्टिंग वाटते, ती म्हणजे त्याची कार्डं. कुणाची माहिती गोळा करायची, ती कशी लावून ठेवायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती कुणाला दाखवायची! शेवटच्या प्रश्नाचा संबंध थेट लास वेगासच्या कॅसिनोंशी आला आणि एका १९ वर्षांच्या मुलाशीही आला.

हूवरचा जन्म १ जानेवारी १८९५ चा, वॉशिंग्टन शहरातला. घर सरकारी नोकरांचं. वडील सरकारच्या सर्वेक्षण खात्यात नकाशे छापण्याचं काम करायचे. आई कडक शिस्तीची. एडगर लहानपणी अडखळत बोलायचा असं सांगतात. त्यावर त्याने उपाय काढला तो म्हणजे भरभर बोलायचा. पुढे शाळेत तो वादविवादाच्या टीममध्ये चमकला आणि कॅडेट कोअरमध्ये कॅप्टनही झाला. म्हणजे आपल्याकडे वर्गात एक मॉनिटर असतो ना, ज्याच्या वहीत बोलणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात? साधारण तोच प्रकार.

शाळा संपल्यावर १९१३ मध्ये त्याला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये साधी नोकरी लागली. दिवसा नोकरी आणि रात्री जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत कायद्याचे क्लास. १९१६ मध्ये पदवी, १९१७ मध्ये पदव्युत्तर पदवी. आता लायब्ररीत माणूस काय शिकतो? हूवर शिकला कार्ड कॅटलॉग! लाखो पुस्तकं, प्रत्येकाचं एक कार्ड, आणि ते कार्ड ठरलेल्या जागीच. नीट इंडेक्स असेल तर लाखातली एक वस्तू दोन मिनिटांत सापडते आणि इंडेक्स नसेल तर समोर असलेली वस्तूही हरवते. आपण सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्समध्ये हेच शिकतो, फरक एवढाच की त्याने ते लाकडी ड्रॉवरमध्ये शिकलं.

१९१७ मध्ये वडिलांना मानसिक आजारामुळे नोकरी सोडावी लागली आणि घरची जबाबदारी बरीचशी एडगरवर आली. त्याच वर्षी जुलैमध्ये तो न्याय खात्यात लागला. दोनच वर्षांत, म्हणजे अवघ्या २४ व्या वर्षी, त्याला डाव्या विचारांच्या लोकांवर नजर ठेवणाऱ्या विभागाचा प्रमुख केलं गेलं. त्याने पहिलं काम केलं ते अर्थातच कार्डं बनवण्याचं. माणसं, संघटना, वर्तमानपत्रं, गावं, सगळ्यांची कार्डं. थोड्याच काळात हा आकडा लाखाच्या वर गेला. आणि जानेवारी १९२० मध्ये या कार्डांच्या आधारे तिसाहून जास्त शहरांत एकाच वेळी धाडी पडल्या. हजारो लोकांना पकडलं, त्यातल्या पुष्कळांना वॉरंटशिवाय. इतिहासात याला पामर धाडी म्हणतात. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे सोडून द्यावं लागलं. पण ‘पकडलं होतं’ ही नोंद? ती कार्डावर राहिलीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२४ साली न्याय खात्याचा हा तपास विभाग भ्रष्टाचारामुळे पुरता बदनाम झाला होता. नव्या अॅटर्नी जनरलना, हार्लन स्टोन यांना, स्वच्छ आणि शिस्तीचा माणूस पाहिजे होता. १० मे १९२४ रोजी २९ वर्षांच्या हूवरकडे कारभार आला. त्याने वशिल्याची माणसं काढली आणि भरतीसाठी कायद्याची किंवा अकाउंटिंगची पदवी असलेल्यांना प्राधान्य दिलं. श्रेय द्यायला पाहिजे तिथे द्यावं, त्याने एका बदनाम ऑफिसचं खरोखरच प्रोफेशनल संस्थेत रूपांतर केलं. १९३२ मध्ये गुन्हे तपासणीची प्रयोगशाळा, १९३५ मध्ये देशभरच्या पोलिसांसाठी ट्रेनिंग अकॅडमी, आणि त्याच वर्षी नावही बदलून फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन म्हणजे एफबीआय झालं.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम १ जुलै १९२४ ला सुरू झालं. तोपर्यंत अमेरिकेत बोटांच्या ठशांची दोन मोठी कलेक्शन्स होती. एक लेव्हनवर्थच्या तुरुंगात आणि दुसरं पोलीसप्रमुखांच्या संघटनेकडे. हूवरने दोन्ही वॉशिंग्टनला आणून एकत्र केली. एकूण कार्डं ८,१०,१८८. आणि आयडेंटिफिकेशन डिव्हिजन उभी राहिली.

आता प्रश्न असा की आठ लाख कार्डांमधून एक कार्ड शोधायचं कसं? कॉम्प्युटर नाही, सर्च बटण नाही. इथे आपल्या देशाचा संबंध येतो आणि तो वाचून कॉलर जरा ताठ करायला हरकत नाही. ठशांचं जे वर्गीकरण जगभर वापरलं गेलं, ते हेन्री सिस्टिम या नावाने ओळखलं जातं. एडवर्ड हेन्री हा बंगालमधला इंग्रज पोलीस अधिकारी. पण त्यामागचं गणित बसवलं ते त्याच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी. १८९७ साली कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला, तो याच पद्धतीवर.

पद्धत ऐका, एकदम सोपी आहे. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीला (उजवा अंगठा आणि उजवी तर्जनी) किंमत १६, पुढच्या जोड्यांना ८, ४, २ आणि १. बोटावर चक्र असेल तर ती किंमत धरायची, नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ हा अंश, विषम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ हा छेद. म्हणजे अंश १ ते ३२ आणि छेदही १ ते ३२. एकूण कप्पे किती? ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४! डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या लक्षात आलंच असेल, हे सरळ सरळ पाच-पाच बिटांचे दोन बायनरी नंबर आहेत. कॉम्प्युटर येण्याच्या पन्नास वर्षं आधी कलकत्त्यात दोघा जणांनी माणसाच्या हातासाठी चक्क दहा बिटांचा अॅड्रेस काढला होता. हूवरच्या ड्रॉवर्समध्ये हीच पद्धत होती, एफबीआयने त्यात आणखी पोटविभाग वाढवत नेले.

१९३० साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून या डिव्हिजनला पक्कं रूप दिलं. गुन्ह्यांच्या नोंदी गोळा करायच्या, लावून ठेवायच्या, आणि राज्यं, शहरं, तुरुंग यांच्या अधिकृत अधिकाऱ्यांबरोबर त्यांची देवाणघेवाण करायची. देवाणघेवाण हा शब्द महत्त्वाचा. कुठल्याही गावातल्या पोलिसाने कुणाला पकडलं की ठशांचं कार्ड वॉशिंग्टनला जायचं. तिथे आधीची नोंद सापडली तर त्या माणसाची सगळी कुंडली उलट टपाली यायची. तिला अमेरिकेत रॅप शीट म्हणतात. खोटं नाव सांगून सुटणारे अट्टल चोर यामुळे सापडायला लागले. लोकांना हूवर म्हटलं की १९३४ मध्ये शिकागोच्या थिएटरबाहेर मारला गेलेला डिलिंजर आठवतो, पण रोजचं खरं काम करत होत्या त्या टेबलांच्या रांगांत बसून भिंगातून ठसे बघणाऱ्या हजारो क्लार्क, आणि त्यात बऱ्याचशा मुली होत्या. दुसऱ्या महायुद्धात तर सैनिक आणि संरक्षण कारखान्यांतले कामगार यांचेही ठसे यायला लागले. १९४६ पर्यंत कार्डांची संख्या १० कोटींवर गेली आणि १९७१ पर्यंत २० कोटींवर.

आता एवढी मोठी लायब्ररी तयार झाली म्हटल्यावर वाचकही वाढणारच. सुरुवातीला वाचक फक्त पोलीस होते. मग सरकारी नोकरी देणारी ऑफिसं आली. मग वेगवेगळ्या धंद्यांची लायसन्स देणारी राज्यांची आणि शहरांची खाती आली. आणि लायसन्स देण्यात सगळ्यात जास्त धोका कुठे होता? नेवाडा राज्यात.

नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. वाळवंटातलं राज्य, मंदीचा काळ, दुसरं उत्पन्न फारसं नाही. पण रोख पैशाचा ढीग जिथे पडतो तिथे कोण येणार? २६ डिसेंबर १९४६ ला लास वेगासमध्ये फ्लेमिंगो हॉटेल सुरू झालं, त्यामागे बग्सी सीगल नावाचा गँगस्टर होता. सहा महिन्यांत, २० जून १९४७ ला, त्याला गोळ्या घालून मारलं. दारूबंदीच्या काळात बेकायदा दारू विकून पैसा केलेले मो डॅलिट्झसारखे लोक कॅसिनोचे मालक झाले. १९५० मध्ये सिनेटर कीफॉवर यांची समिती लास वेगासला पोचली आणि हे सगळं देशासमोर आलं. वॉशिंग्टनने उद्या कॅसिनोच बंद पाडले तर राज्य बुडेल, ही भीती नेवाडाला वाटू लागली. म्हणून १९५५ मध्ये गेमिंग कंट्रोल बोर्ड आणि १९५९ मध्ये गेमिंग कमिशन आलं. नियम साधा : कॅसिनोचं लायसन्स हा कुणाचा हक्क नाही, आपण स्वच्छ आहोत हे अर्जदाराने स्वतः सिद्ध करायचं. १९६० मध्ये ११ जणांची एक काळी यादी निघाली. या लोकांना मालकी सोडाच, कॅसिनोत पाऊल टाकायलाही बंदी! आपल्या नोटीस बोर्डावरच्या डिफॉल्टर लिस्टची थोरली बहीणच म्हणा ना.

पण एका छोट्या राज्याच्या बोर्डाला न्यूयॉर्क, क्लीव्हलंड, शिकागोच्या माणसाचा इतिहास कळणार कसा? त्यासाठी वॉशिंग्टनची कार्डं हवीत. आणि इथेच हूवरच्या स्वभावाचं कोडं समोर येतं.

वर्षानुवर्षं हूवर म्हणत आला की देशभर पसरलेली गुन्हेगारांची एक संघटना असं काही नाही, जुगार वगैरे ही स्थानिक पोलिसांची कामं आहेत. कीफॉवर समितीपुढेही त्याची भूमिका हीच होती. मग १४ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अॅपलाकिन या खेड्यात एका घरी देशभरातले माफिया बॉस जमलेले पोलिसांना सापडले. साठच्या आसपास लोक, महागडे सूट घालून रानातून पळत होते! हे सापडवलं राज्याच्या पोलिसांनी, एफबीआयने नव्हे. हूवरची चांगलीच पंचाईत झाली. त्याने लगेच मोठ्या गुंडांवर फायली उघडायचे हुकूम दिले.

१९६१ मध्ये रॉबर्ट केनेडी अॅटर्नी जनरल झाले, राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या जुगाराच्या धंद्याविरुद्ध नवे कायदे झाले, आणि एफबीआय लास वेगासमध्ये उतरली. उतरली ती कशी? कॅसिनोंच्या ऑफिसांत चोरून मायक्रोफोन बसवून. १९६१ ते १९६३ हे चाललं. ऐकायला मिळालेली माहिती जबरदस्त होती. कॅसिनोत पैसे मोजण्याच्या खोलीतूनच, वहीत नोंद व्हायच्या आधी, नोटांची बंडलं बाजूला काढली जात होती आणि दुसऱ्या शहरांतल्या छुप्या मालकांना पोचत होती. पण असे मायक्रोफोन बसवणं नेवाडाच्या कायद्याने गुन्हा होता. म्हणून ती माहिती कोर्टात चालेना, आणि लायसन्स देणाऱ्या बोर्डालाही सांगितली नाही. पुढे १९६६ मध्ये ती वर्तमानपत्रांत फुटली तेव्हा गव्हर्नर ग्रँट सॉयर भयंकर चिडले. आमच्या राज्यात येऊन आमचाच कायदा मोडता, आम्ही लायसन्स देत असताना गप्प बसता, आणि मग आम्हालाच ढिले म्हणता, अशी त्यांची तक्रार. मला तरी ती पटते. लॅबमध्ये चुकीचं कनेक्शन दिसत असूनही जो सांगत नाही आणि फ्यूज उडाल्यावर हसतो, त्याला आपण काय म्हणतो?

दुसरीकडे बघा. लास वेगासमध्ये कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्या साध्या डीलरलाही नोकरीआधी शेरीफच्या ऑफिसात ठसे देऊन वर्क कार्ड घ्यावं लागायचं. आणि १९६७ मध्ये अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज यांनी डॅलिट्झच्या मंडळींकडून डेझर्ट इन विकत घेतलं, तेव्हा त्यांना लायसन्स मिळालं ते बोर्डापुढे प्रत्यक्ष हजर न होताच! विमानांच्या दुनियेतला ग्रेट माणूस, मान्य. माफियापेक्षा हा बरा असं नेवाडाला वाटलं, तेही समजतं. पण नियम सगळ्यांना सारखा हवा, नाही का?

आणि हूवर स्वतः? त्याला घोड्यांच्या शर्यतींचा जबरदस्त नाद! आपला जवळचा सहकारी क्लाइड टॉल्सन याच्याबरोबर तो वॉशिंग्टनजवळच्या रेसकोर्सवर जायचा, आणि उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या डेल मारला. तिथल्या हॉटेलचं बिल टेक्सासचे तेलसम्राट क्लिंट मर्चिसन भरायचे. म्हणजे जो माणूस लाखो लोकांच्या छोट्यामोठ्या चुका कार्डावर लिहून ठेवत होता, त्याच्या स्वतःच्या सुट्टीच्या बिलाचं कार्ड कुणी बनवलं नाही.

आता त्या मुलाची गोष्ट. ऑगस्ट १९६५, लॉस एंजेलिस. १९ वर्षांचा, नुकताच कॉलेजमध्ये असलेला एक मुलगा रात्री एका पार्कमध्ये बाकावर मित्राची वाट बघत बसला होता. पोलिसांनी त्याला घरफोडीच्या संशयावरून पकडलं. दोन दिवस ठेवलं. त्याच्याविरुद्ध काहीच नाही असं दिसल्यावर सोडून दिलं. केस नाही, कोर्ट नाही, शिक्षा नाही. पण तोपर्यंत त्याच्या ठशांचं कार्ड वॉशिंग्टनच्या वाटेला लागलेलं होतं! आईने पत्र लिहून नोंद काढून टाकायची विनंती केली. नोंद निघाली नाही. म्हणजे उद्या हा मुलगा कुठल्याही राज्यात सरकारी नोकरीचा किंवा लायसन्सचा अर्ज करणार, आणि टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात एक कागद असणार, घरफोडीच्या संशयावरून अटक. ती अटक चुकीची होती हे सांगणारी ओळ त्या वाचणाऱ्याच्या डोळ्यात भरेल याची काय गॅरंटी?

मित्रांनो, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी ही गोष्ट स्वतःला लावून बघा. एकदा हजेरी चुकून कमी लागली, तुमचं नाव डिफॉल्टर लिस्टवर लागलं, मग चूक दुरुस्त झाली. पण कंपनीकडे गेली ती जुनी लिस्ट. तुम्ही काय कराल?

त्या मुलाने कोर्टात केस केली. १९७१ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी निकाल दिला. त्यांनी नोंद पुसायला सांगितली नाही, पण देवाणघेवाणीच्या मुळावरच बोट ठेवलं. १९३० च्या काळातला कायदा गुन्ह्यांच्या तपासासाठी आहे, नोकरी आणि लायसन्स देणाऱ्या राज्यांच्या आणि शहरांच्या ऑफिसांना अटकेच्या नोंदी वाटण्याचा अधिकार त्याने एफबीआयला दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला तो अधिकार पाहिजे त्याने काँग्रेसकडून कायदा करून घ्यावा. एका झटक्यात कितीतरी ऑफिसांचा सप्लाय बंद!

सगळ्यात मोठी अडचण झाली नेवाडाची. कार्डं आली नाहीत तर कॅसिनोचा अर्जदार साधू आहे की सीगलचा वारसदार, कळणार कसं? नेवाडाचे सिनेटर होते अॅलन बायबल (हो, आडनाव खरंच बायबल). त्यांनी डिसेंबर १९७१ मध्ये सरकारी खर्चाच्या एका बिलातच कलम घुसवलं आणि तात्पुरता रस्ता मोकळा केला. मग २५ ऑक्टोबर १९७२ ला पब्लिक लॉ ९२-५४४ आला. त्यात अट अशी की राज्याने स्वतःचा कायदा करून अशी चौकशी मंजूर केलेली असेल आणि अॅटर्नी जनरलनी तो मान्य केलेला असेल, तरच नोकरी आणि लायसन्ससाठी नोंदी मिळतील. म्हणजे आधी जे हूवरच्या टेबलावरून सवयीने चालत होतं, त्यासाठी आता लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाची सही लागायला लागली. फरक छोटा वाटतो, पण मला तो खूप मोठा वाटतो.

हा दिवस बघायला हूवर नव्हता. २ मे १९७२ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी तो घरीच झोपेत गेला. खरं तर ७० व्या वर्षी निवृत्त व्हायचं, पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याला सूट दिली होती. त्याचं शव कॅपिटॉलच्या घुमटाखाली ठेवलं गेलं, हा मान फार थोड्यांना मिळतो. १९७५ मध्ये उघडलेल्या एफबीआयच्या मुख्य इमारतीला त्याचं नाव दिलं गेलं. पण त्याच वर्षी सिनेटच्या चर्च समितीने चौकशी सुरू केली आणि दुसऱ्या बाजूचे ड्रॉवर उघडले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर ठेवलेली पाळत, १९५६ ते १९७१ चाललेले विरोधकांना फोडण्याचे छुपे कार्यक्रम, मोठ्या लोकांच्या खाजगी गोष्टींच्या फायली. त्याच्या काही खाजगी फायली तर तो गेल्यावर सेक्रेटरीने नष्ट केल्या, त्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही. १९७६ मध्ये कायदा झाला की एफबीआयच्या डायरेक्टरला दहा वर्षांची मुदत. पुन्हा ४८ वर्षं नकोत!

आणि तो मुलगा? तो लढत राहिला. १९७४ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की त्याची नोंद एफबीआयच्या गुन्हेगारांच्या फायलींमधून काढा. अटकेपासून तिथपर्यंत नऊ वर्षं. आपली डिग्री दोनदा होईल आणि वर एक वर्ष उरेल.

कार्डं आता कार्डं राहिली नाहीत. १९६७ मध्ये हूवरच्याच हयातीत एफबीआयचं देशव्यापी कॉम्प्युटर नेटवर्क सुरू झालं होतं. १९९९ मध्ये ठसे जुळवण्याचं काम पूर्णपणे संगणकावर गेलं. १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनो आले, १९८८ च्या कायद्यानंतर तिथल्या मूळ निवासी जमातींच्या जागांवरच्या कॅसिनोंमध्येही महत्त्वाच्या माणसांची पूर्वचौकशी सक्तीची झाली. अर्जदाराला स्वतःची नोंद बघण्याचा आणि चूक असेल तर दुरुस्त करून घेण्याचा अधिकारही मिळाला. तरीसुद्धा २००६ च्या अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलच्या अहवालात असं आढळलं की एफबीआयकडच्या जवळजवळ निम्म्या नोंदींमध्ये अटकेनंतर पुढे काय झालं, हेच लिहिलेलं नव्हतं. शिक्षा झाली? सुटला? केसच झाली नाही? रकाना कोरा.

हा कोरा रकाना म्हणजे हूवरने मागे ठेवलेला खरा वारसा असं मला वाटतं. त्याने इनपुट गोळा करायची अप्रतिम सिस्टिम बांधली. पकडलं की कार्ड, लगेच! पण सुटला तर कार्ड परत मागवायचं, खोडायचं, यासाठी तसाच पक्का रस्ता बांधला नाही. फीडबॅक लूपच नाही! कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात असं डिझाइन काढलं तर सर शून्य मार्क देतील.

मग काय, नोंदी दाखवूच नयेत? मी तसं म्हणत नाही. बोर्डाला माहितीच मिळाली नाही तर कॅसिनोत पुन्हा सीगलच येऊन बसेल, आणि नोटांची बंडलं पुन्हा मागच्या दाराने जातील. तपासणी पाहिजेच. पण तपासणाऱ्याला पूर्ण गोष्ट मिळाली पाहिजे, अटक आणि तिचा शेवट दोन्ही. कुणाला दाखवायचं ते कायद्याने ठरलं पाहिजे, एखाद्या साहेबाच्या मर्जीने नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते वाचता आलं पाहिजे.

आपल्यापैकी बरेच जण उद्या डेटाबेस बनवणार आहेत. कुणी बँकेचा, कुणी हॉस्पिटलचा, कुणी कदाचित पोलीस व्हेरिफिकेशनचा. टेबल डिझाइन करताना कॉलम कोणते ठेवायचे हे तेव्हा आपल्याच हातात असेल. ‘अटक झाल्याची तारीख’ हा कॉलम कुणीही ठेवेल, क्लायंट तो मागतोच. ‘पुढे काय झालं’ हा कॉलम क्लायंट विसरला तरी आपण तो मागायचा, आणि तो भरल्याशिवाय रेकॉर्ड पुढे जाऊ द्यायचं नाही.